उजव्या बाहुलीत

घड्याळजींच्या उजव्या डोळ्याला आतून सूज आली, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी बाहुली मोठी करणारे थेंब लिहून दिले. दिवसातून दोनदा, फक्त उजव्या डोळ्यात. घालायचं काम बायकोकडे आलं. तिने शाळेच्या प्रयोगशाळेत बावीस वर्षं ॲसिडच्या बाटल्या सांभाळल्या होत्या. मापाच्या बाबतीत ती कुणाच्या बापाचं ऐकणारी नव्हती.

आधी साबणाने हात धुवायचे. खालची पापणी ओढायची, बाटलीचं टोक डोळ्याला लागू न देता एकच थेंब सोडायचा. मग नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटं दाबून धरायचा, म्हणजे औषध घशात उतरत नाही. पुन्हा हात धुवायचे. स्कूटर बंद, दुकान बंद, उन्हात काळा चष्मा.

“अगं, नाक चेपून मारतेस की काय!” घड्याळजी कुरकुरत.

“अजून चाळीस सेकंद. गप्प बसा.”

चौथ्या दिवशी सकाळी ती थेंब सोडायला वाकली आणि थबकली. बाहुली चांगलीच फाकली होती, काळीभोर. तिच्यात खिडकी दिसत होती, कपाट दिसत होतं, पलंगाची कड दिसत होती. वाकलेली ती दिसत नव्हती.

तिने डाव्या डोळ्यात पाहिलं. तिथे ती होती, हातात बाटली धरून.

उजेडाचा खेळ असेल, असं मनाशी म्हणत ती दुसऱ्या बाजूला जाऊन उभी राहिली. उजव्या बाहुलीत खिडकी सरकली, कपाट सरकलं. ती काही आली नाही.

दुपारी घड्याळजी डाव्या डोळ्यावर तळवा ठेवून बसले होते.

“अगं, कुठे गेलीस?”

“ही काय, तुमच्यासमोर.”

त्यांनी हात काढला आणि ते दचकले.

“औषधाने जवळचं अंधुक दिसतं, म्हणाल्या होत्या ना बाई,” ती म्हणाली.

“हो, पण कपाट दिसत होतं गं. तुझ्या पाठीमागचं.”

तिने दवाखान्यात फोन केला. नजरेचा गोंधळ होतोय, एवढंच सांगितलं. “मनाने औषध बंद करू नका, घेऊन या त्यांना,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी तपासलं. सूज उतरली होती. थेंब थांबवले. असर जायला आठ-दहा दिवस लागतील, म्हणाल्या.

दहाव्या दिवशी उजवी बाहुली पूर्ववत झाली. तिने जीव मुठीत धरून आत पाहिलं. खिडकी. कपाट.

मग डाव्या डोळ्यात पाहिलं. त्यात कधीच थेंब पडला नव्हता.

खिडकी. कपाट.

“अहो,” ती म्हणाली.

घड्याळजींनी ओ दिली नाही. तिने त्यांचा दंड धरून गदागदा हलवला. त्यांनी दंड चोळला, उठले आणि एकट्यापुरता चहा टाकला.

पुढच्या तपासणीला ती त्यांच्या मागोमाग गेली.

“छान! दोन्ही डोळे स्वच्छ आहेत,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “थेंब अगदी नीट घातलेत. घरी कोण घालायचं?”

घड्याळजी जरा थांबले, ओठांवर आलेलं नाव निसटल्यासारखे.

“मीच,” ते म्हणाले. “एकटा माणूस मी.”

ती बाहेर आली. भिंतीशी ओळीने मांडलेल्या खुर्च्यांपैकी एकीवर ती टेकली.

एक पेशंट बाई आल्या, शेजारी बसल्या आणि त्यांनी आपली पर्स तिच्या मांडीवर ठेवली.

पर्स मांडीवर थांबली नाही. खाली खुर्चीला टेकली.