जंतू मेल्यानंतर

आईच्या खाटेजवळच्या पडद्यावर दोन रेषा होत्या. एक न्यूमोनियाच्या जंतूंची. प्रतिजैविक (जंतू मारणारं औषध) लागू पडलं होतं, त्यामुळे ती रेषा खाली येत होती. दुसरी रेषा रक्तातल्या प्राणवायूची. तीही खालीच येत होती.

सांचीला हे काही पटेना. "आजोबा, जंतू मरताहेत, मग आईला जास्त धाप का लागतेय?"

आजोबा, म्हणजे आईचे वडील डॉ. रोहिदास सोनकांबळे. शरीराचं रक्षण करणाऱ्या पेशींच्या अभ्यासात त्यांची हयात गेली होती. पण आज ते लेकीच्या प्राणवायूच्या मास्ककडे बघत नुसते उभे होते. उत्तर दिलं ते आईवर उपचार करणाऱ्या डॉ. नझमा शेख यांनी.

"इकडे ये, दाखवते," त्या म्हणाल्या आणि त्यांनी पडद्यावरचं चित्र बदललं. नांदेडच्या त्या रुग्णालयात आता केसाहून बारीक कॅमेरा फुफ्फुसात ठेवता येत असे. सांचीला काळसर फुगे दिसले. त्यांत दाणेदार गोळ्यांची दाटी झाली होती.

"हे वायुकोश. फुफ्फुसातले हवेचे चिमुकले फुगे. यांच्या पातळ भिंतीतून प्राणवायू रक्तात जातो. आणि या गोळ्या म्हणजे न्यूट्रोफिल, रक्तातल्या पांढऱ्या पेशी. जंतू शिरले, की फुफ्फुसात राहणाऱ्या मॅक्रोफेज (जंतू आणि मेलेल्या पेशी गिळणाऱ्या मोठ्या पेशी) रासायनिक संदेश सोडतात. तो ओळखून न्यूट्रोफिल रक्तातून बाहेर येतात. जंतू गिळतात, त्यांच्यावर जहाल रसायनं सोडतात, स्वतःच्या डीएनएचं जाळं टाकून त्यांना अडकवतात."

"मग हे चांगलंच आहे ना?"

"चांगलंच. त्या आल्या नसत्या तर आई वाचलीच नसती. पण जंतू कोणता आणि आपली भिंत कोणती, हे त्या रसायनांना कळत नाही. न्यूट्रोफिल फार झाल्या, की भिंतीला इजा होते. रक्तातलं पाणी वायुकोशात झिरपतं. जिथे हवा हवी तिथे पाणी भरतं."

"मग त्यांना परत पाठवा. सगळ्यांना."

"सगळ्या पेशींना शांत करणारं औषध आहे. पण थोडे जंतू अजून शिल्लक आहेत, सांची. आता सगळं बंद केलं, तर ते पुन्हा वाढतील."

मग आजोबा बोलले, अगदी हळू आवाजात.

"एरवी न्यूट्रोफिलचा हा हल्ला मॅक्रोफेजच थांबवतात. न्यूट्रोफिल फार दिवस जगत नाहीत. मरताना त्यांच्या अंगावर एक रासायनिक खूण उमटते. ती ओळखून मॅक्रोफेज त्यांना गिळतात, आणि मग मॅक्रोफेजचा स्वभावच बदलतो. आधी त्या 'आणखी या' असा संदेश देत होत्या. आता 'थांबा, भिंत दुरुस्त करा' असा देतात. तुझ्या आईच्या बऱ्याच मॅक्रोफेज या आजारात मेल्या. त्यामुळे मेलेल्या न्यूट्रोफिल तिथेच फुटताहेत आणि त्यांच्यातली रसायनं भिंतीवर सांडताहेत."

"मग नव्या मॅक्रोफेज आणायच्या."

"त्या तयार आहेत," डॉ. शेख म्हणाल्या. आई दाखल झाली तेव्हाच त्यांनी तिचं थोडं रक्त काढून ठेवलं होतं. त्यातल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून मॅक्रोफेज बनवल्या होत्या. ही पद्धत आजोबांनीच शोधलेली. काही रुग्णांना तिचा फायदा झाला होता, काहींना नाही.

"आज नको," आजोबा म्हणाले. "उद्या बघू."

"सर, रुग्ण दुसरी कुणी असती, तर तुम्ही काय म्हणाला असता?"

आजोबांनी चष्मा काढून पुसला. "आजच द्या म्हणालो असतो. दुसऱ्याच्या बाबतीत मला भीती वाटत नाही, नझमा."

आईने मास्क जरासा उचलला. "बाबा... डॉक्टरांना... ठरवू द्या."

डॉ. शेख खाटेजवळ बसल्या. फायदा होईलच असं नाही, ताप वाढू शकतो, हे त्यांनी आईला नीट समजावलं. आईने मान हलवली आणि सांचीचा हात घट्ट धरला.

बारीक नळीतून त्या पेशी आईच्या फुफ्फुसात सोडण्यात आल्या. संध्याकाळी ताप खरोखरच चढला. आजोबा खिडकीकडे तोंड करून बसले, पडद्याकडे बघेनात. सांचीला मात्र नजर हटवता येईना.

"आजोबा, एक मोठी पेशी आलीये. तिने एक गोळी धरलीये... गिळली. आता दुसरी."

आजोबा उठून तिच्या मागे येऊन उभे राहिले. तिच्या खांद्यावर हात ठेवून तेही पडद्याकडे बघू लागले.

प्राणवायू लगेच वाढला नाही. आधी त्याची घसरण थांबली. मग दाटी विरळ होत गेली, आणि राहिलेले जंतू प्रतिजैविकाने संपले. भिंतीच्या पेशी वाढून इजा भरून आली, तसं आत साचलेलं पाणी शोषलं जाऊ लागलं. रेषा अगदी सावकाश वर सरकली. मधे एकदा ती पुन्हा खाली आली, तेव्हा सांचीला रडू आवरलं नाही.

मास्क निघाला त्या दुपारी आई उशीला टेकून बसली. "केसांचा नुसता गुंता झालाय," ती म्हणाली. सांची फणी घेऊन मागे बसली.

"गर्दी केलेल्या त्या पेशी आता जातील का?" तिने विचारलं.

"बऱ्याचशा जातील," आजोबा म्हणाले. "पण शरीराच्या काही पेशी हे जंतू लक्षात ठेवतील. पुढच्या वेळी ते लवकर ओळखले जातील, म्हणजे एवढी गर्दी करावी लागणार नाही."

"पण कुणाच्या फुफ्फुसात अशी गर्दी होणार, हे आधी कळत नाही?"

"अजून तरी नाही." आजोबांनी खुर्ची पुढे ओढली. "रक्तात त्याची चाहूल आधीच लागत असणार, असं मला वाटतं. आता ती कुठे शोधायची, विचार कर बरं. न्यूट्रोफिलमध्ये? की त्यांना बोलावणाऱ्या संदेशात?"

सांचीची फणी हवेतच थांबली.

"बाबा, आधी तिला माझा गुंता सोडवू द्या, मग तुमचे प्रश्न विचारा," आई म्हणाली. सगळं एका दमात.