सफसाफ हवेलीची भेग

“स्कंदर, पाय आपटू नकोस! खाली ऐकू जाईल!”

“माझं राहू दे, तू आधी ते जिप्समचं घमेलं सांभाळ!”

गच्चीवरून गच्चीवर जात एम्ना आणि तिचा धाकटा भाऊ सफसाफ हवेलीत उतरले. एम्नाच्या डोक्यात तिडीक गेली होती. ट्युनिसमधल्या त्यांच्या गल्लीनं दोन वर्षं खपून ही जुनी हवेली डागडुजी करून उभी केली. बायकांनी भिंतींना चुना दिला. तळमजल्यावर मुलांचं वाचनालय झालं. आणि सुट्टी लागली त्याच दिवशी देखरेखीचे साहेब सी रशाद यांनी दाराला कुलूप ठोकलं, वर पाटी: ‘भिंत खचत आहे. प्रवेश बंद.’ दोन आठवड्यांनी समिती येणार आणि हवेली चक्क एका हॉटेलवाल्याला देणार! दोन खोल्यांत सहा माणसं राहणाऱ्या एम्नाला निवांत वाचायला ही एकच जागा होती.

वाचनालयाच्या भिंतीला भेग होतीच. तिच्यावर आडव्या मारलेल्या जिप्समच्या चार पट्ट्या फुटलेल्या होत्या. भिंत हलली की अशी पट्टी तडकते, हे गवंड्याच्या नातवंडांना कुणी सांगावं लागत नाही.

“मेलो!” स्कंदर म्हणाला. “खरंच खचतेय!”

“डोळे आहेत की बटणं? भिंत हलली तर पट्टीला केसाएवढी चीर जाते. हिचा तर भुगा झालाय! हे हातोड्याचं काम आहे!”

“तरीच! आजोबा म्हणत होते, ती भेग त्यांच्याहून म्हातारी आहे.”

एम्नानं भेगेवर तीन नव्या पट्ट्या मारल्या आणि ओल्या जिप्समवर खिळ्यानं तारीख कोरली.

“याही फोडेल तो रशाद!”

“फोडू दे. चौथी कुठे मारायची ते मला ठाऊक आहे.”

समिती आली त्या दिवशी अख्खी गल्ली मागोमाग आत घुसली.

“बघा, मादाम!” सी रशादनी समितीच्या अध्यक्षीणबाईंना भुगा दाखवला. “कुणा आगाऊ कार्ट्यांनी नव्या पट्ट्या मारल्या, त्याही टिकल्या नाहीत!”

एम्ना गुडघ्यांवर बसली आणि भेगेखाली भिंतीला टेकलेल्या कपाटाच्या तळच्या फळीवरची पुस्तकं भराभर बाहेर काढू लागली. कपाटाला पाठ नव्हती. मागे तीच भेग जमिनीपर्यंत गेली होती आणि तिच्यावर चौथी पट्टी होती, तारखेसकट!

आजोबांनी वाकून तिच्यावरून नख फिरवलं. “अखंड आहे. केसाएवढीसुद्धा चीर नाही.”

“काय हो सी रशाद,” एम्ना कडाडली, “भिंत काय तुमचा हातोडा पोहोचतो तेवढीच खचते?”

गल्लीत हशा पिकला. सी रशाद घाम पुसत पुटपुटले, “हॉटेलवाले म्हणाले, भिंत धोक्याची दाखवली तर...”

“पुरे!” मादाम गरजल्या. “लाज वाटायला हवी! हवेली गल्लीचीच राहील.” मग त्या एम्नाकडे वळल्या. “शाब्बास पोरी! आम्हा मोठ्यांना जे दिसलं नाही, ते तू...”

“शाब्बासकी नको, मादाम,” एम्नानं हात पुढे केला. “किल्ली द्या.”

मादामनी सी रशादच्या हातातून किल्ली घेतली आणि तिच्या तळहातावर ठेवली.