सूर धरणारा

सिनेमातल्या वाद्यवृंदाची एक गंमत आहे, आधी ती ऐकून ठेवा. पडद्यावर नायक शेवटचे आचके देत असतो आणि मागून साठ-सत्तर व्हायोलिनं रडत असतात, तेव्हा बहुतेक वेळा तिथं एकही व्हायोलिन नसतं. परदेशातल्या कुठल्याशा सभागृहात कधीकाळी वाजवून घेतलेले सुटे सुटे स्वर संगणकात भरून ठेवलेले असतात. पट्टी दाबली की ते वाजतात. त्यांना सॅम्पल म्हणतात. कितीही झकास असले तरी त्यांच्यात धुगधुगी नसते, म्हणून वर एखादं खरं वाद्य बसवायचं, जिवंत माणसानं वाजवलेलं. त्या एका खऱ्याच्या आडोशाला बाकीची सगळी खोटी खपून जातात.

मानवतच्या मोंढ्यामागे, म्हणजे धान्य-कापसाच्या बाजारामागे, एका सरकीच्या दुकानावरच्या माडीत, शिवकांत हेच काम करायचा. पुण्यात काही वर्षं उमेदवारी करून तो गावी परतला होता. माडीच्या आतल्या खोलीत स्टुडिओ आणि बाहेरच्या खोल्यांत संसार. स्टुडिओच्या भिंतींना त्यानं इथल्याच कापसाच्या जाडजूड गाद्या ठोकल्या होत्या. आत शिरून दार ओढलं की खालचे ट्रॅक्टर, हमालांची ओरड, सगळं जागच्या जागी गप्प व्हायचं. पोरगा हुशार होता, यात वाद नाही. फक्त आपल्याला कुणी काही शिकवलेलं त्याला खपत नसे.

त्या उन्हाळ्यात त्याच्याकडे व्यंकटरावांच्या सिनेमाचं पार्श्वसंगीत आलं होतं. व्यंकटराव मूळचे राणीसावरगावचे, आता पुण्यात बस्तान बसवलेले. शेवटच्या प्रसंगाला त्यांना सनई हवी होती आणि ती खरीच हवी होती. म्हणून चारठाण्याहून मुंजाजी नावाचे म्हातारे सनईवाले आले. आले ते एकटेच. खुर्चीवर बसले, सनईची पत्ती ओठांत ओली केली आणि म्हणाले, "दोन माइक लावा."

"दोन कशाला? तुम्ही तर एकटेच आलात."

"सूर धरनारा हाय संगं."

सनईवाल्याच्या शेजारी दुसरा एक जण बसतो, तुम्ही लग्नात पाहिला असेल. पाहिला म्हणजे काय, नजरेखालून गेला असेल. तो गाणं वाजवत नाही. एकच सूर धरून बसतो, तासन्‌तास. गालात हवा साठवायची, नाकानं श्वास घ्यायचा आणि सूर तुटू द्यायचा नाही, एवढंच त्याचं काम. मुंजाजींच्या शेजारी तर कुणीच नव्हतं. शिवकांतला हसू आवरेना.

"काका, सूर धरायला माझ्याकडं संगणकात शंभर चेलो आहेत, व्हायोलिनचे थोरले भाऊ. त्यांना दमसुद्धा लागत नाही."

मुंजाजींनी शेजारच्या रिकाम्या जागेकडे एकदा पाहिलं. मग त्यांनी सनई तोंडाला लावली. म्हातारा वाजवून गेला आणि शिवकांतनं रीतीप्रमाणे, पुन्हा न ऐकताच, सगळ्या आवाजांच्या सुट्या प्रती पुण्याला व्यंकटरावांकडे पाठवून दिल्या.

पुढच्या आठवड्यातल्या एका दुपारी तो ती सनई वाद्यवृंदावर बसवायला घेऊन बसला. बाहेर ऊन मी म्हणत होतं. व्हायोलिनं, चेलो, ढोल, सगळं जागेवर बसलेलं. सनई वर आणली आणि त्याच्या कपाळाला आठी पडली. तिच्या खाली काहीतरी होतं. बारीक, सलग, न थांबणारं. बाकी सगळं बंद करून त्यानं एकटी सनई ऐकली. शंकाच नको, ती दुसरी सनई होती. एकच सूर धरलेली.

खालच्या दुकानातल्या मोटारीचा आवाज आला असेल, असं त्यानं स्वतःला समजावलं. पण मोटार काही पत्ती चावल्यासारखी मध्येच किंचित कापत नाही. शिवाय तो सूर त्याच्या परदेशी चेलोंच्या पट्टीत बसेना. चेलो इथं आणि तो सूर केसभर वर, हटून बसलेला. त्याच्या जवळ चेलो आणले की तेच बेसूर वाटायचे. आपल्याच घरात कुणी आपल्याला बाजूला सरकवतंय, असं शिवकांतला वाटलं आणि त्याचं डोकं फिरलं.

मिसळलेले आवाज सुटे करणं आता अवघड राहिलेलं नाही. संगणकाला सांगितलं की तो दुधातलं पाणी काढावं तसं काढून देतो. प्रसंगाच्या पहिल्या अर्ध्या भागातून शिवकांतनं तो सूर उपटून टाकला आणि प्रसंग सुरुवातीपासून लावला.

सूर तसाच ऐकू येत होता.

त्यानं पुन्हा तपासलं. काढलेला होता. पडद्यावर त्या जागी सरळ, मेलेली रेघ होती. त्यानं कानांवरचे हेडफोन काढले आणि आवाज स्पीकरवर घेतला. तरीही येत होता. खोलीत तंबाखू-चुन्याचा उग्र वास पसरला होता. त्या घरात तर कुणी तंबाखू खात नव्हतं. त्यानं दार उघडलं.

बाहेरच्या खोलीत त्याची चार वर्षांची साक्षी फरशीवर बसली होती. समोर भातुकली मांडलेली. तिचं तोंड उघडं होतं आणि त्यातून तो सूर येत होता, बारीक, सलग, किंचित कापरा.

"वा गं माझी गाणारी," शिवकांत हसून म्हणाला. "बास आता, कान किटले."

ती थांबली नाही. तिनं त्याच्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते डोळे मदत मागत होते. तिची छाती आत गेलेली आणि ती वर येतच नव्हती.

"राजेश्री! अगं इकडं ये लवकर!"

त्याची बायको राजेश्री स्वयंपाकघरातून धावत आली. तिनं पोरीला उचललं, हलवलं, पाठीवर थापट्या मारल्या. "साक्षी! ए साक्षी! श्वास घे बाई... अहो, बघायलात काय नुसतं? ओठ काळे पडायलेत हिचे!"

शिवकांत गाडीची किल्ली शोधायला वळला आणि तेवढ्यात आतल्या खोलीत चालू असलेला प्रसंग पुढे सरकून अर्ध्यावर आला. तिथून पुढचा सूर त्यानं अजून काढलेला नव्हता. उघड्या दारातून सनई ऐकू आली आणि तिच्या खाली तो दुसरा सूर. त्याच क्षणी साक्षीच्या तोंडातला आवाज तुटला. बुडता बुडता वर आलेल्या माणसासारखा तिनं श्वास घेतला आणि मोठ्यांदा रडायला लागली.

राजेश्रीनं तिला छातीशी घट्ट धरलं. मग नाक मुरडून तिनं पोरीचं तोंड हुंगलं. "हिच्या तोंडाला तंबाखूचा वास कशाचा यायलाय?"

सूर काढला की तो पोरीच्या तोंडातून निघतो, हे शिवकांतला कळलं होतं, पण पटत नव्हतं. आणि अशा माणसाचं जे होतं तेच त्याचं झालं. साक्षी झोपल्यावर तो आत गेला आणि खात्री करून घ्यायला त्यानं पुन्हा एकदा सूर काढून सनई वाजवली. क्षणभरच, त्याच्या मते. बाहेरून राजेश्रीची किंकाळी आली. त्यानं झटकन सगळं बंद केलं. ती दारात येऊन उभी राहिली, खांद्यावर धापा टाकणारी पोर. बायकोच्या डोळ्यांत इतका तिरस्कार त्यानं कधी पाहिला नव्हता.

"तुमीच करायलात हे," ती म्हणाली. "लेकरावर तपासून बघायलात?"

त्यानं मुंजाजींना फोन लावला.

पलीकडून म्हाताऱ्याचा कोरडा आवाज आला. "काढला का तुमी त्याला?"

"कुणाला? कोण आहे तो, काका?"

"भुजंग. धाकला भाऊ माझा. आख्खं आयुष्य माझ्या बाजूला बसून सूर धरला त्यानं. कुनी त्याचं नाव इचारलं न्हाई की वा म्हनलं न्हाई. जिंतूरकडं एका लग्नात परण्या निघाला व्हता, नवरदेवाची मिरवणूक मारुतीला, ऊन असंच. त्याला दम लागला. मला दिसायलं व्हतं, त्यो काळानिळा पडायला. पर नवरदेव मारुतीपुढं उभा, गानं भरात आलेलं... म्या थांबलो न्हाई. सनई त्याच्या तोंडातनं पडली. सूर काही पडला न्हाई. त्यो तसाच चालू ऱ्हायला. आजबी हाय."

"तो माझ्या पोरीच्या... काका, माझी पोरगी..."

"म्याबी एकदा त्याला हाकललं व्हतं. पिच्छा सोड म्हनलो. मांडीवर नातू बसला व्हता. त्याच्या तोंडातनं निघाला."

"मग?"

"मग काय. नातू न्हाई आता."

"काय करू मी? सांगा ना..."

"सनई वाजली की त्यो सूर धरनारच. त्याला त्याची जागा द्या. न दिली तर त्यो लेकराच्या तोंडानं धरतो. म्या दुसरा माइक लावा म्हनलो व्हतो. तुमी हसले. त्यानंबी ऐकलं ते हसू." आणि फोन बंद झाला.

शिवकांतनं मुकाट्यानं भुजंगचा सूर परत आणला. त्याच्यासाठी चेलो खाली घेतले, व्हायोलिनं मागे सारली, सगळा वाद्यवृंद केसभर वर चढवून त्या सुराच्या पट्टीत बांधला. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं कुणासाठी जागा केली होती. मग संगणक बंद केला, वायर भिंतीतून उपटली आणि साक्षीपाशी येऊन बसला. ती त्याच्या बोटांशी खेळत होती. वाचलो, असं त्याला वाटलं. खरंच तसं वाटलं.

ऊन उतरलं. राजेश्रीनं देवापाशी दिवा लावला. आणि ताटातला घास तोंडाशी नेता नेता साक्षी थांबली. तिचं तोंड उघडलं.

सूर.

संगणक बंद होता. घरात काहीही वाजत नव्हतं. थोड्या वेळानं तो तुटला, पोरीनं कसाबसा श्वास घेतला आणि लगेच पुन्हा सुरू झाला. आपण सुट्या प्रती पुण्याला पाठवल्या होत्या, ते शिवकांतला आत्ता आठवलं. त्यानं व्यंकटरावांना फोन लावला.

"साहेब, ती सनई... तिच्यामागचा सूर काढू नका. पाया पडतो."

"कसला सूर? हां, तो घोंघाट होय! अरे, आमच्याकडच्या पोरानं इथं केव्हाच साफ केला. सनई कशी खणखणीत झालीये! तीच लावून सिनेमाचा टीझर सोडला की आत्ताच. लोकांनी उचलून धरलाय बघ, आपल्याकडं गावागावात चाललाय."

"मागे घ्या साहेब! माझी पोरगी मरेल!"

"काय पिऊन बसलास का रे? तुझ्या पोरीचा काय संबंध? काम तुझ्याकडून काढून घेईन, सांगून ठेवतो." व्यंकटरावांनी फोन तोडला.

कुणीतरी कुठंतरी ते लावत होतं, आणि लावलं की साक्षीचा श्वास थांबत होता. जिंतुरात, गंगाखेडात, एसटीत बसलेलं कुणी, पानटपरीवर उभं राहिलेलं कुणी. त्यांना कसं सांगायचं आणि किती जणांना?

शिवकांत गाद्यांच्या खोलीत शिरला आणि अंधारात हात जोडून उभा राहिला. आतला वास आता सहन होत नव्हता. "भुजंगकाका," तो म्हणाला, "माझं चुकलं. लेकराला सोडा. धरायचाच असेल तर माझ्या तोंडानं धरा... लेकराला सोडा."

बाहेर राजेश्री मोठ्यांदा रडत होती. तो धावत बाहेर आला. तिच्या मांडीवर साक्षी ताठ झाली होती, डोळे वर गेलेले. त्यानं पोरीचा हात हातात घेतला, आणि एकदम तिच्या तोंडातला आवाज तुटला. तिनं खोल श्वास घेतला. ओठांना रंग आला. ती रडली, आईच्या गळ्यात पडली.

सूर मात्र खोलीत होताच.

राजेश्री त्याच्याकडे बघत होती. शिवकांतला आपलं तोंड उघडं असल्याचं कळलं. छाती आवळून आवळून आत चालली होती, घशात ओल्या पत्तीसारखं काहीतरी कापत होतं, आणि श्वास घ्यायला जागाच नव्हती. तरी त्याला आनंद झाला. डोळ्यांतून पाणी वाहत असताना त्यानं हातानं खूण केली की चालेल, मला चालेल. तो भिंतीला टेकून खाली बसला. समोर त्याची पोर श्वास घेत होती आणि त्याला तेवढंच बघायचं होतं.

खाली दुकानापुढं, मोंढ्यातलं काम आटपून हमाल पोरं सरकीच्या पोत्यांवर टेकली होती. त्यांतल्या एकानं मोबाइल काढला. सनई वाजायला लागली, स्वच्छ, खणखणीत, एकटी. शिवकांतचं तोंड तर आधीच दुसऱ्या कुठल्या सनईनं अडवलेलं.

आईच्या गळ्यात रडता रडता साक्षी मध्येच गप्प झाली. तिचं तोंड हळूहळू उघडलं. दोघांचा सूर एकाच पट्टीत होता, तसूभरही फरक नाही. बंद करा, एवढंच शिवकांतला खिडकीतून ओरडायचं होतं, पण ओरडायला श्वास लागतो. राजेश्री जिन्याकडे धावली.

खालून कुणाचा तरी खुशीतला आवाज आला, "सनईपक्षा ते मागचंच लय भारी हाय रे. कोन धरायलाय सूर? वा! लाव बरं, परत लाव."