फ्रिजपुढची चप्पल

सकाळच्या चहाचं दूध काढायला चेलना फ्रिजपाशी गेली, दांडीला हात लावला आणि कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या. सातवा महिना चालू. तिचा दुसरा हात आपोआप पोटावर गेला.

"मांजी, फ्रिजला करंट येतोय."

सासू सुगनबाई नेहमीसारखी लाकडी पाटावर पाय वर घेऊन बसली होती. गहू निवडतानाच म्हणाली, "आम्हाला नाही येत तो, बिनणी. तुलाच कसा येतो?"

तिचा नवरा अखिल घरातल्या रबरी सपाता फटफटवत आला. बोटाने दांडी टिचकावून म्हणाला, "काही नाही. भास होतात या दिवसांत."

धुळ्यात गल्ली नंबर चारमध्ये त्याचं विजेच्या सामानाचं दुकान. वायर, बटणं, इन्व्हर्टर, मागाल ते मिळे. नदीपलीकडच्या देवपूरच्या घरात मात्र दिव्याखाली अंधार. आणि स्वयंपाकघरात चप्पल चालत नाही, हा नियम फक्त बिनणीला, म्हणजे सुनेला. घराचा मालक सपाता घालून आला तर त्याला कोण बोलणार?

भांडी घासणाऱ्या ताईबाईने मोरीतून हे सगळं ऐकलं होतं. सुगनबाई देवळात गेल्यावर ती हळूच म्हणाली, "वहिनी, पायमा चप्पल घाला. करंट शे तेमा. पहिली वहिनीबी हाईच सांगे. कोनी ऐकं नही."

पहिली वहिनी म्हणजे दीपमाला, अखिलची आधीची बायको. ती याच स्वयंपाकघरात पडली होती. हार्ट बंद पडलं, असं लग्न ठरवताना चेलनाच्या वडिलांना सांगितलं होतं. धडधाकट, तरण्याताठ्या बाईचं हार्ट! चेलनाच्या मनात पाल चुकचुकली. लग्न होऊन आल्यापासून सुगनबाईने फ्रिजला स्वतः हात लावलेला तिने कधी पाहिला नव्हता. बाई पाटावर बसून हुकूम सोडायची, "बिनणी, दही काढ. बिनणी, लिंबू दे."

चेलनाने फ्रिजच्या मागे वाकून पाहिलं. प्लगला दोनच पिना. अर्थिंगची वरची जाड पिन कुणीतरी करवतीने कापली होती.

"जुना बोर्ड दोन पिनांचा होता," अखिल म्हणाला. "सगळ्यांकडे असंच चालतं."

"कापली कुणी?"

तो मोबाइलमध्ये बघत राहिला. "लक्षात नाही."

तिने ठरवलं, नियम गेला चुलीत. आपली रबरी चप्पल लपवायला म्हणून तिने गव्हाच्या कोठीमागे हात घातला, तर तिथे आधीच एक जोडी होती. निळी, बायकी मापाची. म्हणजे तिच्या आधीही कुणीतरी हाच विचार केला होता. तिला दीपमालाची फार दया आली. मग तिच्या लक्षात आलं, चपलेवर धुळीचा कण नव्हता. धुळ्याच्या मे महिन्यात ती चप्पल ओली होती.

तिने रडून, ओरडून घर डोक्यावर घेतलं. अर्थिंग करा, नाहीतर चाळीसगावला माहेरी जाते, बाळंतपणानंतर परत येणार नाही. तेव्हा कुठे अखिल हलला. मागच्या अंगणात खड्डा खणला, मीठ-कोळसा भरून तांब्याची पट्टी पुरली, नवा बोर्ड बसवला. चेलनाने अनवाणी उभं राहून दांडी धरली. काही नाही. निळी चप्पल ताईबाईने तिच्यादेखत घंटागाडीत टाकली.

"झालं समाधान?" सुगनबाई म्हणाली.

झालं होतं खरं तर. रात्री ती निवांत झोपू लागली. बाळही पोटात मजेत लाथा मारत होतं.

पुढे एका दुपारी सगळ्या देवपूरची लाइट गेली. बाहेर लूच्या झळा, खिडक्या बंद, गल्लीत चिटपाखरू नाही. दुकानात विकायला ढीगभर इन्व्हर्टर, घरात एक नाही. चेलना गार पाणी घ्यायला स्वयंपाकघरात आली आणि दारातच थबकली.

फ्रिजपुढे निळी चप्पल होती. टाचा तिच्याकडे. घालायला सोपी जावी तशी मांडलेली. फरशीवर पाण्याचा ओघळ...

पाटावर बसलेली सुगनबाई पांढरीफटक पडली होती.

"तू ठेवलीस?"

"नाही, मांजी..."

मग चपलेला आयुष्यभर बंदी घालणारी ती बाई पुटपुटली, "पायात घाल, बिनणी."

चेलनाने घातली. अगदी बरोबर बसली. ओलं रबर थंडगार होतं.

"त्या दिवशी मीच काढायला लावली होती तिला," सुगनबाई म्हणाली. "ओल्या फरशीवर. म्हटलं, नाटकं पुरे, आधी अनवाणी हो... मग दूध काढ."

आणि ती पाटावरून उतरली. फरशीवर अनवाणी चालत गेली. "लाइटच नाही, काय होणार आहे..." असं स्वतःशीच म्हणत तिने दांडी ओढली.

दार उघडलं. आतला दिवा जळत होता.

सुगनबाईची मूठ दांडीवर आवळली. तोंड उघडं राहिलं, पण आवाज फुटेना. चेलना बघत राहिली. होऊ दे, असं क्षणभर तिच्या मनात आलं. मग तिने पाट उचलला आणि जीव खाऊन त्या मनगटावर हाणला. म्हातारी सुटून भिंतीपाशी पडली. फ्रिजमधला दिवा विझला.

संध्याकाळी अखिलने आईच्या तळहातावरचा काळा चट्टा पाहिला. "लाइट नसताना शॉक?" तो हसला. सपाता घालूनच त्याने दांडीला हात लावला. "बघा. काही नाही."

सकाळी चेलना चाळीसगावला जायची पिशवी भरून स्वयंपाकघरात आली. निळी चप्पल पुन्हा फ्रिजपुढे होती. तिच्या शेजारी दुसरी एक जोडी होती. तीही निळी, रबराची, ओली. बोटभर लांबीची.

"मांजी," तिने विचारलं, "दीपमाला गेली, तेव्हा तिला कितवा महिना होता?"

सुगनबाईने पाय पाटावर वर ओढून घेतले.