व्हल्कनचा पाय

"अक्का, बावीस वर्षं पितळ ओततोय मी. ठकुबाईचा पाय माझ्यामुळं चिरडला, असं पोलिसांत लिहून दिलंय त्यांनी!"

महानंदाच्या बनशंकरीतल्या ऑफिसात देवाप्पा उभाच राहिला. खुर्ची दिली तरी बसेना.

पीण्या या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात तो ओतारी. एका हॉटेलसाठी तिथं रोमन देवांच्या पितळी मूर्ती चालल्या होत्या. सोमवारी पॉलिश करताना व्हल्कन, लोहारांचा देव, गुडघ्यात मोडून ठकुबाईच्या पायावर कोसळला. तिची तीन बोटं कापावी लागली. सुपरवायझर महांतेशनं दोष ओतकामाला दिला आणि देवाप्पाला कामावरून काढलं.

खासगी तपासनीस महानंदा धातुशास्त्र शिकलेली होती. तिनं पर्स उचलली. "सरी, ठीक आहे. चला."

कारखान्यात महांतेश कमरेच्या किल्ल्या वाजवत समोर आला.

"प्रेस मशीनची किल्ली तुमच्याकडेच?" कोपऱ्यातल्या कुलूपबंद दाबयंत्राकडे बघत महानंदानं विचारलं.

"दुसऱ्या कुणाला देणार? हात चिरडून घेतील हे लोक."

"ओतल्यावर मूर्तीला काही केलंत?"

"काही नाही. साच्यातून निघाली तशी ठकुबाईकडे गेली. हाच पिऊन आला असेल त्या दिवशी."

"थेंब शिवत नाही मी!" देवाप्पा ओरडला.

महानंदाचा सहायक गुरुप्रसाद मोडक्या पायाचे तुकडे जुळवत बसला होता. "मॅडम, चांगला काठीसारखा सरळ पाय आहे की. ओतकामात काय खोट?"

नडगीवर एक चपटा, चकचकीत डाग होता. महानंदानं त्यावर बोट फिरवलं आणि गुरुप्रसादला घेऊन ती जिना चढून माळ्यावर गेली.

माळ्यावर संहिता लाकडी नमुने घडवायची. त्यांच्यावरून वाळूचे साचे पडत. फळीवरच्या एका देवाचा उजवा पाय गुडघ्यात आत वळलेला होता. खाली पाटी होती, 'हेफेस्टस'.

"व्हल्कन कुठाय?" गुरुप्रसादनं विचारलं.

"हाच. मागच्या वर्षी हॉटेलनं ग्रीक देव नेले, यंदा रोमन हवेत. झ्यूसला ज्युपिटरची पाटी, पोसायडनला नेपच्यूनची. देव तेच, नमुने तेच."

"महांतेशना माहीत आहे?" महानंदानं विचारलं.

"ते या उन्हाळ्यात आले. वर कधी चढलेच नाहीत."

दुसऱ्या दिवशी मालकाच्या केबिनमध्ये सगळे जमले. ठकुबाई कुबडी टेकत आली.

"व्हल्कन म्हणजेच हेफेस्टस," महानंदा म्हणाली. "ग्रीक असो की रोमन, हा देव लंगडाच. नमुना वाकडा, म्हणजे साचा वाकडा, म्हणजे मूर्तीही वाकडीच निघणार. मोडलेला पाय मात्र सरळ आहे. साच्यातून निघाली तशीच ठकुबाईंकडे गेली, हे खोटं. देवाप्पाचं काम बरोबर होतं. वाकडेपणा हा दोष समजून कुणीतरी पाय सरळ केला, प्रेसखाली. नडगीवर त्याचा ठसा आहे. थंड पितळ दाबलं, गुडघ्यात भेग गेली. किल्ली एकाच कमरेला असते."

महांतेशचा चेहरा उतरला. "वाकडी मूर्ती हॉटेलनं परत पाठवली असती! मला कसं कळणार, देव लंगडा आहे म्हणून?"

"विचारायला एक जिना चढायचा होता." महानंदाचा आवाज चढला नाही. "बरं, नाही कळलं. मग भेग पडल्यावर? ती मूर्ती तुम्ही ठकुबाईंच्या हाती दिलीत. वर या माणसाला दारुडा म्हणालात."

तिनं कोरा कागद महांतेशपुढे सरकवला. "पोलिसांसाठी. आता खरं लिहा."

त्याचा हात हलेना. ठकुबाईनं कुबडीच्या टोकानं पेन त्याच्याकडे ढकललं.

"लिव्ह की रे. देवाचा पाय सरळ केलास, माझा वाकडा केलास. हात तर धड आहे ना तुझा?"