ढकलत नेलेली लाल गाडी

"आज तिसऱ्यांदा," गच्चीवरून खाली बघत चष्मिष म्हणाला. "गिऱ्हाईक चक्कर मारून, इंजिन बंद करून गेलं आणि दलालानं गाडी ढकलत शेडमध्ये नेली."

"चालती गाडी कोण ढकलतं?" टिकलीनं भावाला विचारलं.

मूर्ख नाहीतर लबाड. शेजारचा हा गाड्यांचा दलाल मूर्ख नक्कीच नव्हता.

मूर्खपणाचा मक्ता मामानं घेतला होता. सुट्टीत ही दोघं त्याच्याकडे आली, तेव्हा तो त्या लाल स्पोर्ट्स कारवर भाळला होता, म्हणजे तिच्या रंगावर. बॉनेट उघडून "वा, रोटरी इंजिन" म्हणाला आणि लगेच बंदही केलं. बदल्यात तो मामीची व्हॅन देणार होता! मामी तिच्यातून रोज दुकानोदुकानी पाव पोचवायची. व्हॅन गेली की बेकरी बसलीच.

पोरांनी आईला फोन लावला. ती मेकॅनिक होती.

"रोटरीत पिस्टन नसतात, तिकोनी रोटर फिरतो," आई म्हणाली. "त्याच्या टोकांची सील झिजली की कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, जातो. असं इंजिन गार असताना सुरू होतं, पण तापल्यावर बंद केलं तर पुन्हा उठत नाही. दादाला म्हणावं, आधी कॉम्प्रेशन मोजून घे."

"तुमच्या आईला लाल रंगच आवडत नाही," मामा म्हणाला. अशा माणसाशी काय बोलायचं?

दुसऱ्या दिवशी मामानं गाडी लांबवर फिरवून आणली. मामी पिठाच्या हातांनीच आली होती.

"इंजिन चालू राहू द्या, श्वास घेऊ द्या तिला," म्हणत दलालानं कागद पुढे केले. मामानं पेन उघडलं.

टिकलीनं खिडकीतून हात घातला आणि किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

"आता चालू करून दाखवा, काका."

दलालानं किल्ली फिरवली. गरगर, गरगर. पुन्हा गरगर.

"बॅटरी उतरली असेल," तो पुटपुटला.

"बॅटरी तर झकास फिरवतेय," चष्मिष म्हणाला. "सील गेलीत."

"अर्धा तास थांबा, गार झाली की होईल सुरू."

"प्रत्येक दुकानापुढे अर्धा तास थांबू?" मामीनं विचारलं. दलालानं कागद आवरले.

"मला शंका होतीच," मामा म्हणाला.

"म्हणून पेन उघडलंत वाटतं," म्हणत मामीनं ते त्याच्या हातातून काढून घेतलं आणि ती पोरांकडे वळली. "शाबास रे! उद्या व्हॅनमध्ये पुढे तुम्ही दोघं बसायचं. मामा बसतील मागे, पावांबरोबर."