खडकीपाड्याची वीज

खडकीपाड्याच्या शाळेला एकच खोली होती. आकाश मोकळं असलं की तिच्या दारातून लांब पश्चिमेला बोईसरच्या कारखान्यांची धुराडी दिसायची आणि त्यांच्याही पलीकडे समुद्राची एक पांढरट रेघ. तिथली शिक्षिका वत्सला रोज सकाळी कुलूप काढताना त्या रेघेकडे एकदा बघून घ्यायची. ती एडवणची, होडीवाल्याची मुलगी. डोंगरात बदली झाली तेव्हा वाळत घातलेल्या बोंबलांच्या वासाशिवाय तिला झोप लागेना. पण तीन-चार पावसाळ्यांत ती रुळली. पाड्यावरची माणसं कलेक्टरलाही 'तू'च म्हणत, तिलाही म्हणत, आणि त्या 'तू'त तिला आता आपलेपणा वाटू लागला होता.

अठ्ठ्याऐंशी सालच्या थंडीत मोजणीच्या लाल-पांढऱ्या काठ्या घेऊन माणसं आली. वरच्या खोऱ्यात नवं धरण झालं होतं. त्याच्या पायथ्याशी पाण्यावर वीज तयार होणार होती आणि ती उंच टॉवरांवरून बोईसरला न्यायची होती. ज्या कंपनीनं टॉवर उभारायचं काम घेतलं होतं, तिचा साइटवरचा इंजिनियर होता कमलाकांत, वत्सलाचा सख्खा मोठा भाऊ.

दादा जीपमधून उतरला तेव्हा वत्सलाला कोण आनंद झाला! तिनं त्याला तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी वाढली. संध्याकाळी शाळेच्या ओट्यावर पाडा जमला. कमलाकांत छान बोलायचा. "कोळसा जाळायला नको, राख नाही, धूर नाही. पाऊस पडतोय तोवर ही वीज संपणार नाही," तो म्हणाला. "तुमच्या डोंगराची वीज आहे ही."

म्हातारा गोमा खाली मान घालून ऐकत होता. पाड्यावर त्याच्या शब्दाला वजन होतं. त्यानं विचारलं, "आन आमाला?"

"आधी तुमच्या घरात दिवा, मग बोईसरला."

गोमानं त्याच्याकडे पाहिलंच नाही, वत्सलाकडे पाहिलं. "बाय, हा तुझा भाऊस हाय. तू सांग. खरा बोलते का?"

"माझा दादा खोटं बोलणार नाही," वत्सला म्हणाली.

तेवढ्यावर पाड्यानं नाचणीचे आणि वरईचे तुकडे टॉवरांसाठी सोडले.

आणि खरंच, टॉवरांच्याही आधी कंपनीची माणसं आली. त्यांनी झोपडी-झोपडीत लाकडी पट्टीवर एक काळं बटण बसवलं आणि आढ्याच्या मधोमध एक रिकामा होल्डर टांगला. वायर वळचणीपर्यंत आणून टोकाला चिकटपट्टी गुंडाळली. खांब आले की जोडायचं, बल्ब मागून येतील, असं सांगून ती गेली. बायका त्या बटणांवरची धूळ पदरानं पुसायच्या. पोरं दिवसभर टकटक करायची.

सगळ्यांत खालची झोपडी तानी आणि जिवल्याची. जिवल्या टॉवरच्या पायाचे खड्डे खणायला जायचा. हसरा गडी, लग्नाला वर्ष झालं नव्हतं. पाऊस सुरू झाल्यावर एक दिवस तो कामावर गेला तो घरी आलाच नाही.

तानी शाळेत येऊन नुसती उभी राहिली. वत्सलानं बोईसरला जाऊन दादाला गाठलं.

"तो होय? कटकट करत होता, सोडून गेला," कमलाकांत म्हणाला. "दातिवऱ्याला रेतीच्या बोटीवर आहे. मी स्वतः पाहिला त्याला."

"नक्की?"

"वत्सू, मी तुझ्याशी कशाला खोटं बोलू?"

वत्सलानं डोंगर चढून तानीला तसंच सांगितलं. तानीनं ऐकून घेतलं. "मला सांगल्याबिगर जायाचा नाय तो," एवढंच म्हणाली. पण बाय सांगते म्हटल्यावर तिनं ते मानलं.

पुढच्या वर्षी पावसाळा सरता सरता लाइन चालू झाली. धरणाकडे मांडव पडला, टॉवरला झेंडूच्या माळा चढल्या. पाड्यावरून जाणाऱ्या तारा दमट हवेत चरचरू लागल्या, तव्यावर पाण्याचे थेंब पडावेत तशा. खांब आले नाहीत. बल्ब आले नाहीत. वत्सलानं दादाला विचारलं, तेव्हा तो हसला. "अगं, एवढ्या दाबाची वीज झोपडीत देता येत नाही. त्याला वेगळं सबस्टेशन लागतं. ती आमची योजनाच नव्हती."

"मग होल्डर?"

"लोकांनी अडवू नये म्हणून लावले. साहेबांची कल्पना."

त्या दिवशी पाडा चढताना तिला समोरून कुणी येऊ नये असं वाटत होतं. शाळेच्या दारात गोमा उभा होता. तो रागावेल, शिव्या देईल अशी तिची तयारी होती. तो म्हणाला, "बाय, बटन दाबला का घरात कायतरी पडते. येऊन बघ."

भरदुपार होती. गोमाच्या झोपडीत दारातून उजेड येत होता, बाकी कुडाच्या भिंतींचा गार अंधार. दाराजवळ पाण्याचं मडकं होतं आणि दारातल्या उजेडानं त्याची सावली आतल्या बाजूला पडली होती. गोमानं बटण दाबलं.

उजेड पडला नाही. झोपडी होती तशीच अंधारी राहिली. पण मडक्याला दुसरी सावली फुटली. ती उलट्या दिशेला, दाराकडे, येणाऱ्या उन्हाच्या तोंडावर पडली होती. काळीभोर, कडा कापल्यासारख्या. गोमाची, तिची स्वतःची, कणगीची, सगळ्यांच्या सावल्या आढ्याच्या मधोमधच्या त्या होल्डरपासून दूर पळाल्या होत्या. तिथं शंभरचा बल्ब लागला असता तर जशा पडल्या असत्या, अगदी तशा.

वत्सला भुताखेतांना भिणारी नव्हती. तिनं शाळेतून खडू आणला आणि मडक्याच्या सावलीभोवती सारवणावर रेघ मारली. बटण बंद केलं. रेघेच्या आत कोरडं सारवण राहिलं. पुन्हा दाबलं. सावली त्या रेघेत नेमकी येऊन बसली. तिनं पाटावर चढून होल्डरमध्ये पाहिलं. आत पितळेच्या दोन पिना होत्या आणि कोळ्याचं जाळं. हात लावला, तर गार. बाहेर वळचणीला वायरचं टोक चिकटपट्टीत तसंच होतं, कशालाही न जोडलेलं.

"सगल्यांच्या घरात असाच हाय," गोमा म्हणाला. मग म्हणाला, "तानीच्या घरात येगला हाय. तिकडं तूच जा."

तानी चुलीपुढे बसली होती. तिच्या तोंडावर, वर्षभरात पहिल्यांदाच, काळजी दिसत नव्हती. "बाय, बस. आलाय तो," ती म्हणाली आणि उठून तिनं बटण दाबलं.

भिंतीवर तानीची सावली पडली. वत्सलाची पडली. आणि त्या दोघींच्या मध्ये तिसरी, गुडघे पोटाशी घेऊन बसलेल्या माणसाची. त्याचा एक हात डोक्यावर सरळ उचललेला होता. त्या जागी झोपडीत कुणीही नव्हतं.

"कवाचा हात वर करून बसलाय," तानी मायेनं म्हणाली. "दमत कसा नाय?"

वत्सला तिथून कशी बाहेर पडली ते तिला नंतर आठवेना.

पाड्यावर काहीतरी विचित्र चाललंय ही बातमी बोईसरला पोचलीच. कंपनीला होल्डर उतरवून हवे होते. धरण पाहायला मोठे लोक येणार होते, कुणी वाकडा प्रश्न विचारायला नको. कमलाकांत पक्कड आणि पोतं घेऊन स्वतः आला. वत्सलानं सावल्यांचं सांगितलं, तर म्हणाला, "लाइनीखाली न जोडलेल्या तारेतही वीज उतरते, इंडक्शन म्हणतात त्याला, वत्सू. शिकलेली ना तू?"

"इंडक्शननं सावली पडते?"

झोपड्या-झोपड्यांतून तो होल्डर कापत खाली आला. बटण कुठंही दाबलं नाही. शेवटी तानीच्या दारातून वाकून आत शिरला, मागोमाग वत्सला.

तानी आडवी आली नाही. तिनं फक्त विचारलं, "दाबू?"

आणि दाबलं.

तीन सावल्या पडल्या. कमलाकांतची चौथी, हातात पक्कड धरलेली.

तो तिसऱ्या सावलीकडे बघत राहिला. पक्कड सारवणावर पडली.

"हात," तो म्हणाला.

"काय, दादा?"

"हातच तेवढा दिसत होता."

बाहेर तारा चरचरत होत्या.

"कधी?" वत्सलानं विचारलं. "दादा, कधी दिसत होता?"

मग तो बोलला, भिंतीवरची नजर न काढता. पावसानं खड्ड्याची कड ढासळली होती. जिवल्या आत होता. कमलाकांत पोचला तेव्हा मातीवर एक हात होता फक्त. वर काँक्रीट ओतायला तयार होतं. साहेब म्हणाले, आता काढायला बसलो तर चौकशी, काम बंद, सगळं मुसळ केरात.

"तो गेलेलाच होता, वत्सू."

"हात हलत होता?"

कमलाकांत खाली बसून पडलेली पक्कड चाचपू लागला.

"दादा, हात हलत होता का?"

तो उठला आणि वाकायला विसरून चौकटीवर कपाळ आपटून बाहेर पडला. तानी त्या दोघांचं सगळं ऐकत होती. भिंतीवरच्या सावलीशेजारी जाऊन तिनं पाठ टेकली आणि डोळे मिटले.

वत्सला दुसऱ्या दिवशी पोलिसांत गेली. सगळं सांगितलं, सावलीचं सोडून. कमलाकांतला बोलावलं गेलं. तो इस्त्रीच्या शर्टात आला, कपाळावर पट्टी होती. तिच्या समोर बसून, तिच्याकडे न बघता म्हणाला, "माझी बहीण एकटी डोंगरात राहते. अलीकडे तिला भास होतात. पाड्यावरच्यांना विचारा, बल्ब नसताना घरात वीज आहे म्हणतात ते. तीही म्हणते."

फौजदारानं वत्सलाकडे पाहिलं. "म्हणता का हो बाई?"

तिला खोटं बोलता आलं नाही.

टॉवरचा पाया उकरायचा तर लाइन पाडावी लागणार होती, आणि त्या लाइनीवर बोईसरचे कारखाने चालत होते. प्रकरण तिथंच मिटलं. कंपनीनं कमलाकांतला गुजरातेत दुसऱ्या लाइनीवर धाडलं, वरच्या जागेवर. वत्सला सुट्टीत एडवणला गेली तेव्हा आईनं दार अर्धंच उघडलं. "भावाला पोलिसात ओढतं ती माजी पोर नाय," ती म्हणाली. वत्सला ओट्यावरून परत फिरली. खाडी ओलांडेपर्यंत तिनं मागं पाहिलं नाही.

पाड्यावर मात्र तिला कुणी परकं केलं नाही. गोमा रोज शाळेच्या पायरीवर येऊन बसायचा. पोरं यायची. तानीचा होल्डर तेवढा राहिला होता, आणि तिचं बटण कुणी बंद करत नसे. वत्सला अधूनमधून तिच्याकडे जाऊन बसू लागली. सुरुवातीला ती भिंतीकडे बघणं टाळायची. मग सवय झाली. दोघी चवळीच्या शेंगा सोलायच्या आणि तिघांच्या सावल्या पडायच्या.

अशीच ती एका दुपारी गेली. तानीनं नेहमीसारखं "बस" म्हटलं नाही. हळू आवाजात म्हणाली, "बाय, तुझा भाऊस आलाय."

"कुठं?"

"दारात. सकालपासना उभा हाय. मी आत ये म्हनते, येत नाय."

वत्सलानं वळून पाहिलं. दार उघडं होतं. अंगणात ऊन होतं, कोंबडी माती उकरत होती. माणूस नव्हता.

दाराच्या आतल्या अंगाला, कुडावर, वाकून उभ्या राहिलेल्या माणसाची सावली होती. डोक्यावर साइटवरची टोपी. आत यावं की न यावं, अशी.

गुजरातेतून कुणाचा निरोप नव्हता, पत्र नव्हतं. वत्सलाचा हात बटण बंद करायला गेला. तानीनं तो मधेच धरला.

"राहू दे," ती म्हणाली. "तिकडं बघ."

समोरच्या भिंतीवर जिवल्याची सावली जागची हलली होती. ती भिंतीच्या कडेला सरकली होती आणि शेजारी एका माणसापुरती जागा मोकळी झाली होती.